दिवाडीच्या बोंदेरातली फोटाश : वर्षभर वापरल्यावरचा रिव्ह्यू

फोटाश म्हणजे बांबूची बंदूक. गोव्यात मांडवी नदीत दिवाडी नावाचं बेट आहे, तिथे ऑगस्टच्या चौथ्या शनिवारी बोंदेरा असतो (बोंदेराम पण म्हणतात) आणि त्या दिवशी पोरंसोरं, बाप्ये, आज्या सगळे ही बंदूक घेऊन एकमेकांवर हिरवी तिरफळं (मसाल्यात घालतात ती वाटाण्याएवढी फळं) मारतात. आम्ही गेल्या वर्षी तिथून तीन आणल्या, पन्नास रुपयाला एक. वर्ष होत आलं आता. तिन्हींचं काय झालं, घेताना काय बघायचं, कुणासाठी घ्यायची, कुणासाठी अजिबात नाही, सगळं लिहिते. जायच्या आधी मी शोधलं तेव्हा फ्लोटचे (ट्रकवरचे देखावे) आणि झेंड्यांचे फोटो ढीगभर मिळाले पण ह्या वस्तूबद्दल धड चार ओळी सापडल्या नाहीत म्हणून.

मी सावंतवाडीची. चितारआळीतल्या लाकडी खेळण्यांच्या दुकानांसमोरून रोज शाळेत गेलेली, त्यामुळे खेळणं हातात आलं की आधी उलटं करून बघायची सवय आहे, कड घासलीय का, रंग हाताला लागतोय का, पोराने तोंडात घातलं तर काय. फोटाशला रंग नाहीच. पॉलिश नाही, खिळा नाही, गोंद नाही. बांबूची एक नळी आणि एक दट्ट्या, संपलं. आणि तरी सांगते, गेल्या चार-पाच वर्षांत घरात जेवढी खेळणी आली, त्यात बॅटरीवालीसुद्धा आली, त्या सगळ्यांपेक्षा पोरं हिच्याशी जास्त खेळलीत.

आधी वस्तू कशी आहे ते. बारीक पोकळ बांबू घेतात, दोन पेरांमधली कांडी कापतात, पेराची गाठ दोन्हीकडून उडवतात म्हणजे आरपार नळी मिळते. लांबी साधारण वीतभर आणि वर चार बोटं. बाहेरून अंगठ्याएवढी जाड, आतलं भोक मात्र ताज्या तिरफळाएवढंच पाहिजे, सगळी मेख तिथे आहे. दट्ट्या म्हणजे भरीव काडी, तासून गुळगुळीत केलेली, आणि धरायला तिच्या मागच्या टोकाला बांबूचाच जाड तुकडा मुठीसारखा बसवलेला. ही काडी नळीपेक्षा किंचित आखूड असते, एका तिरफळाच्या मापाने आखूड. मला वाटलं कापताना चुकली असेल, पण नाही, ती मुद्दाम तशी असते.

कारण असं की पहिलं तिरफळ मागून घालायचं आणि दट्ट्याने पार पुढच्या तोंडापर्यंत ढकलत न्यायचं, तिथे ते बुचासारखं घट्ट बसतं. मग मागून दुसरं घालायचं आणि आता दट्ट्या झटक्यात मारायचा. दोन तिरफळांच्या मधली हवा कोंडते, दाबली जाते आणि पुढचं बूच फट्ट करून उडतं. दट्ट्या आखूड असल्यामुळे मागचं तिरफळ बाहेर न पडता तोंडाशी येऊन थांबतं आणि तेच पुढच्या बाराचं बूच होतं. म्हणजे पहिल्या वेळी दोन लागतात, नंतर एकेक घालत राहायचं. हवेचा दाब म्हणजे काय हे माझ्या अकरा वर्षांच्या भाच्याने पुस्तकात वाचलेलं होतं, पण दट्ट्या अर्ध्यावर अडला की हाताला ती हवा उलटी ढकलते ना, ते कळल्यावर त्याचा चेहरा बघण्यासारखा होता, दहा मिनिटं तो कुणावर मारतच नव्हता, नुसता दट्ट्या दाबून सोडून बघत होता.

आता तिरफळाबद्दल बोलायलाच पाहिजे. आपल्याकडे बांगड्याच्या तिखल्यात घालतात तेच. श्रावण-भाद्रपदात झाडावर हिरवे घोस असतात, वाटाण्याएवढं एकेक फळ, टणक पण दाबलं की थोडं दबणारं, म्हणून ते नळीत बसतंही घट्ट आणि फुटतही नाही लगेच. सणाची वेळ आणि तिरफळाची वेळ एकच आहे. आणि वास! बार उडाला की नळीच्या तोंडातून तो लिंबासारखा झणझणीत वास येतो. दुपारी तीन-चारच्या सुमाराला जेव्हा दोनशे-तीनशे फोटाशी एकदम चालायला लागतात तेव्हा अख्ख्या रस्त्याला तिरफळाचा वास सुटतो, पायाखाली चिरडलेली तिरफळं, वर पावसाची बारीक सर, आणि मागे ब्रास बँड. तो वास मला अजून आठवतो, रविवारी बांगडे करायला घेतले की लेक स्वयंपाकघरात येऊन म्हणते आई बोंदेऱ्याचा वास आला.

विकत कुठे मिळते? दुकान असं नाही. बेटावरच्या पिएदाद गावातल्या मुख्य रस्त्याला सणाच्या दिवशी लोक टोपलीत, पोत्यावर, कुणी घराच्या सोप्यावर मांडून बसतात. पहिल्या ठिकाणी घाईत एक घेतली ती फसली, दट्ट्या नळीत सैल होता, हवा बाजूने निघून जायची आणि तिरफळ नुसतं घरंगळून पडायचं. मग पुढे एक म्हातारे अंकल सोप्यावर बसून कोयत्याने दट्टे तासत होते तिथे थांबलो. बाजूला पाण्याची बादली आणि तिच्यात नळ्या बुडवून ठेवलेल्या. मी मालवणीत विचारलं, त्यांनी कोकणीत उत्तर दिलं, आमच्या भागातल्या लोकांना ह्यात काही वेगळं वाटत नाही.

"खंयचीं तुमी?"
"सावंतवाडीची."
"मगीर आमचींच." (मग आमचीच.)

आणि मग त्यांनी तीन नळ्या काढल्या, एकेक डोळ्याला लावून आभाळाकडे धरून बघितली, एक परत बादलीत टाकली. लेकीच्या हातात एक देऊन म्हणाले, "आंत पळय." आत बघ. आतून नळी गुळगुळीत दिसली पाहिजे, कुठे तंतू सुटलेला असेल तर तिरफळ तिथे अडकून फुटतं. मग दट्ट्या लेकीच्या हाताच्या मापाने परत थोडा तासून दिला, मूठ तिच्या मुठीत बसते का ते बघितलं. आठ वर्षांच्या मुलीच्या हाताचं माप घेऊन दिलेलं खेळणं, पन्नास रुपयाला. मी शंभर देत होते, घेतले नाहीत, पन्नासचे पन्नासच. वर रुमालभर तिरफळं दिली, आणि निघताना परत परत एकच सांगितलं, "उदकांत दवर, सुकूंक दिवं नाका." पाण्यात ठेव, सुकू देऊ नकोस. हे वाक्य किती महत्त्वाचं होतं ते पुढे येईलच.

आता हा खेळ आला कुठून. तिथे जी गोष्ट सांगतात ती अशी. बेटावरच्या वाड्यांमध्ये (वाडा म्हणजे गावातली वस्ती) जमिनीच्या हद्दीवरून भांडणं व्हायची, नुसती तोंडाची नाही, जीव जाण्यापर्यंत. पोर्तुगीज सरकारने मग हद्दींवर वेगवेगळ्या देशांचे झेंडे लावायला सुरुवात केली. लोकांना ते काही पटलं नाही, समोरच्या वाड्याचे झेंडे दगड मारून पाडायला लागले. झेंड्याला पोर्तुगीजमध्ये बांदेरा, त्यावरूनच बोंदेरा. पुढे त्याच भांडणाचा सण झाला, प्रत्येक वाड्याचा झेंडा, प्रत्येक वाड्याचा फ्लोट, मिरवणूक, आणि दगडांच्या जागी तिरफळं. मला ह्यातलं सगळ्यात काय आवडलं तर हत्यार बदललं पण भांडण ठेवलं. वाडे अजून एकमेकांवर चालून जातातच, पोरं मोठ्याने ओरडत येतात, आणि समोरचा पण तेवढ्याच जोराने मारतो, पण ज्याला लागतं तो हसतो. हद्दीवरून कोर्टात वर्षानुवर्षं चाललेल्या केसेस आपल्या कोकणात कुठल्या गावात नाहीत? माझ्या माहेरीच आहे एक, त्यावर जास्त लिहीत नाही, पण त्या रस्त्यावर उभी असताना मला ती केस आठवत होती एवढं खरं.

हद्दीचं एवढं काय असेल असं वाटत असेल तर बेट बघा म्हणजे कळतं. दिवाडी म्हणजे मधे टेकडी, टेकडीवर आणि पायथ्याला घरं, आणि भोवती सगळी सपाट खाजण शेती. भरतीचं खारं पाणी आत येऊ नये म्हणून मातीचे बांध घालून नदीकडून मिळवलेली जमीन ही. बांधात मानस असते, म्हणजे लाकडी दारांची झडप, भरती आली की पाण्याच्या दाबाने आपोआप बंद, ओहोटीला आपोआप उघडी, आतलं जास्तीचं पाणी बाहेर. बांध एकट्याने राखता येत नाही, एकाने दुर्लक्ष केलं तर सगळ्यांच्या शेतात खारं पाणी. शेजारच्याशी भांडणही आणि शेजारच्याशिवाय चालतही नाही, ह्या बेटावर दोन्ही गोष्टी एकाच बांधावर आहेत. ऑगस्टमध्ये ही सगळी शेतं इतकी हिरवी असतात की डोळ्यांना थंड वाटतं, मधून सरळ रस्ता, दोन्ही बाजूला बगळे.

ही शेतं मी लहानपणापासून रेल्वेतून बघत आलेय. सावंतवाडीहून करमळीला जाताना कोकण रेल्वेची गाडी पुलावरून मांडवी ओलांडायच्या आधी ह्याच बेटावरून जाते. स्टेशन नाही. गाडी धडधडत जाते, खाली शेतं, नारळ, लांब टेकडीवर पांढरं चर्च, आणि दोन मिनिटांत सगळं मागे. कितीतरी वेळा मनात आलं की इथे उतरता आलं पाहिजे. रस्त्याचा पूलही बेटाला नाही, फेरीबोटच. ओल्ड गोव्याहून आहे, रायबंदरहून आहे आणि डिचोली बाजूने नार्व्याहून आहे.

आम्ही नार्व्याच्या बाजूने गेलो आणि कोकणातून येणाऱ्या सगळ्यांना मी तेच सांगेन. बांदा, दोडामार्ग, डिचोली करत नार्वे, तिथे आधी सप्तकोटेश्वराचं दर्शन. हे कदंबांचं, म्हणजे गोव्याच्या जुन्या राजघराण्याचं दैवत, कदंबांच्या नाण्यांवर ह्याचं नाव आहे. मूळ देऊळ दिवाडी बेटावरच होतं, सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी पाडलं, लिंग नदीपलीकडे नार्व्याला नेलं गेलं आणि १६६८ मध्ये शिवाजी महाराजांनी तिथे देऊळ नव्याने बांधून घेतलं. दारावर शिलालेख आहे. २०२३ मध्ये दुरुस्ती पूर्ण होऊन परत खुलं झालंय, उतरतं छप्पर, आटोपशीर, शांत देऊळ. तिथून घाट जवळच, फेरीत बसलं की थोड्याच वेळात आपण त्या बेटावर जिथून देव निघाला होता. बेटाच्या त्या बाजूला कोटीतीर्थाची जुनी तळी अजून आहे. भाच्याला मी हे सगळं फेरीत सांगितलं, तो म्हणाला म्हणजे देव पण फेरीने गेला का. मला उत्तर सुचलं नाही पण प्रश्न फार आवडला.

फेरीबोटीला मी पैकीच्या पैकी देते. सपाट बोट, पुढची फळी खाली पडते, माणसं, स्कूटर, कार, सायकलवर पावाची टोपली घेतलेला पोदेर, शाळेची मुलं, सगळे एकदम आत. चालत चढणाऱ्या आमच्याकडून तिकीट घेतलं नाही. गाडी मात्र सणाच्या दिवशी नेऊ नका, अलीकडेच लावा. परत येताना आम्ही बघितलं, गाड्यांची रांग लांबच लांब आणि चालत आलेले सरळ चढत होते. बेटावर घाटापासून गावात जायला आम्हाला एका टेम्पोवाल्याने मागे बसवून नेलं, पैसे विचारले तर हात हलवून निघून गेला.

सणाचा दिवस कसा जातो ते थोडक्यात. सकाळी काही नाही, गाव आपल्या कामात. दुपारी जेवणं उरकली की झेंडे निघतात, लहान मुलं पुढे, बँड मागे. मग वाड्यांचे फ्लोट, ट्रकवर उभे केलेले देखावे, बहुतेक गावातल्या पोरांनी रात्री जागून केलेले. एका फ्लोटवर मानस केली होती, खरी उघडणारी-मिटणारी दारं, कार्डबोर्डची, आणि आत पाण्याऐवजी निळी साडी हलवत होते दोन मुलगे. लोकांनी टाळ्या वाजवल्या कारण प्रत्येकाला माहीत होतं ते काय आहे. बक्षीस भलत्याच फ्लोटला मिळालं, माझ्या मते मानसवाल्यांना मिळायला पाहिजे होतं. मग फोटाशींची लढाई, साधारण तासभर खूप जोरात, पाऊस आला तरी कुणी थांबत नाही. रात्री नाच आणि गाणी. रात्रीच्या भागाबद्दल माझं मत एवढं चांगलं नाही, स्पीकर फार मोठे होते आणि बाहेरून नुसती प्यायला आलेली पोरं बरीच होती, मुलं बरोबर असतील तर अंधार पडायच्या आत फेरी गाठा. आणि एका खाण्याच्या स्टॉलवर (नाव लिहीत नाही) आम्हाला गार, कडक पावात सॉसेज भरून दिलं आणि पैसे मात्र गोव्यातल्या बीचवरचे घेतले, बेटावर दोन पावलांवर ताजा पाव मिळत असताना हे करायला नको होतं.

त्याची भरपाई एका घरात झाली. पावसात आम्ही ज्यांच्या सोप्यावर उभे होतो त्या बाईंनी आत बोलावलं आणि हळदीच्या पानातल्या पातोळ्या दिल्या. नागपंचमीला आपण करतो त्याच, गूळ-खोबऱ्याचं चून, तांदळाचं पीठ, हळदीचं पान. त्यांच्याकडे १५ ऑगस्टच्या सायबिणीच्या (मेरीमातेच्या) फेस्ताला करतात, ह्या उरलेल्या पिठाच्या परत केलेल्या म्हणाल्या. आमच्या आईच्या पातोळ्यांपेक्षा पीठ जरा जाड लावलं होतं, चव तीच. बाई म्हणाल्या कार्निव्हलला या, तेव्हा पोटेकार असतात. लेंटच्या (ईस्टरआधीच्या उपवासांच्या) आधीचे तीन दिवस माणसं मुखवटे लावून, चिंध्या नि पोती अंगावर घेऊन, कमरेला घंटा बांधून पोरांच्या मागे धावतात, कोण आहे ते ओळखू द्यायचं नाही. लेक ते ऐकून माझ्या मागे लपली आणि मग पाच मिनिटांनी विचारते, कधी असतं ते.

परत फोटाशकडे येते. घरी आणल्यावर तिन्हींचं काय झालं.

पहिली, ती सैल दट्ट्याची, फेकून द्यायच्या बेतात होते. भाच्याने दट्ट्याच्या पुढच्या टोकाला दोऱ्याचे चार वेढे घातले आणि ओले करून वापरली, सुरू झाली. फार लांब नाही जात पण चालते. टीप म्हणून लक्षात ठेवा, सैल असेल तर दोरा.

दुसरी मी शोकेसमध्ये ठेवली. ही माझी चूक. आल्यागेल्याला दाखवायला छान वाटत होती, दिवाळीपर्यंत वाळून उभी चिरली, टाचणीएवढी फट पडली पण हवा तेवढ्यातून जाते, आता ती नुसती नळी आहे. अंकलनी सांगितलेलं ऐकलं नाही त्याचं फळ. चिरलेली नळी परत पाण्यात घालून बघितली, फट थोडी मिटते, वापरली की उघडते, काही उपयोग नाही.

तिसरी, लेकीच्या हाताच्या मापाची, न्हाणीघरातल्या बादलीत राहते. खेळून झालं की धुवायची, आतून पिसाने किंवा ओल्या सुतळीने पुसायची, बादलीत टाकायची. दोन-तीन दिवसांनी पाणी बदलायचं नाहीतर बांबूला शेवाळ येतं, वास येतो. वर्षभरात एकदा मूठ निसटली ती परत ठोकून बसवली. अजून पहिल्या दिवसासारखा आवाज काढते. म्हणजे टिकते का ह्या प्रश्नाचं उत्तर, पाण्यात ठेवली तर टिकते.

गोळ्यांचं काय? हा ह्या वस्तूचा खरा प्रॉब्लेम आहे. ताजी हिरवी तिरफळं दोन महिन्यांच्या आसपास मिळतात, मग वाळतात, वाळली की साल उकलते आणि नळीत बसत नाही. बाजारातली सुकी तिरफळं उपयोगाची नाहीत. आम्ही काय काय करून बघितलं, भिजवलेले वाटाणे (फुटतात आणि नळी बरबटते), ओल्या कागदाचे बोळे (सगळ्यात चांगले, आवाज मोठा येतो, फक्त माप जमवायला लागतं), कच्ची करवंदं (चीक निघतो, नको). पुण्या-मुंबईत असाल तर कागदाचे बोळे हाच मार्ग. पण खरं सांगते तिरफळाची मजा त्यात नाही, तो वासच नाही.

आणि डोळे. हे गमतीत घेऊ नका. तिरफळ अंगाला लागलं तर मुंगी चावल्यासारखं होतं, लगेच जातं, पण डोळ्यात गेलं तर मार आणि वर तिरफळाचा रस, दोन्ही. बोंदेऱ्यात मोठी माणसं पोरांना सतत ओरडून सांगत होती कमरेखाली मारा म्हणून, आणि बहुतेक पोरं ऐकत होती. आमच्याकडे नियम आहे, चष्मा किंवा गॉगल लावल्याशिवाय फोटाश हातात मिळत नाही, आणि पाच फुटांच्या आत मारायची नाही. सहा वर्षांखालच्या मुलांसाठी घेऊ नका. दट्ट्या मारायला तेवढा जोर पण नसतो त्यांच्यात, रडारड होते. आणि तिरफळं हाताळल्यावर हात धुवा, नंतर डोळे चोळले तर चुरचुरतात, मला दोनदा अनुभव आलाय.

माझी एक ओळखीची बाई छत्तीसगडमध्ये जगदलपूरला नोकरीला होती, तिला व्हिडिओ पाठवला तर तिने सांगितलं अगं ही तर आमची तुपकी. बस्तरमध्ये रथयात्रेला गोंचा म्हणतात, त्या सणाला लोक अशाच बांबूच्या नळीतून जगन्नाथाला सलामी देतात, गोळ्या पेंगच्या फळांच्या. कुठे मांडवी आणि कुठे इंद्रावती, तिथे देवाच्या सलामीला आणि इथे शेजारच्या वाड्यावर, पण नळी, दट्ट्या, हिरवं फळ, सगळं तेच. तिच्याकडच्या तुपकीला ताडपत्राची सजावट असते म्हणाली, दिसायला ती जास्त सुंदर आहे. दिवाडीची साधी, पण माप घेऊन केलेली.

कुणी म्हणेल पन्नास रुपयाच्या बांबूसाठी एवढा प्रवास कशाला, स्वतः करून घ्या घरी. जरूर करा, मी तर म्हणते कराच. भाच्याने मे महिन्यात केली. माहेरच्या बेटातला (बांबूचं बेट म्हणतेय, नदीतलं नाही) बारीक बांबू आजोबांकडून तोडून घेतला, पहिल्या चार नळ्या कापताना फाटल्या कारण तो कोयत्याने छाटत होता, मग आजोबांनी बारीक दातांची करवत दिली आणि गोल फिरवत कापायला शिकवलं. दट्ट्यासाठी जुन्या छत्रीची लाकडी दांडी तासली. आतून गुळगुळीत करायला तार तापवून फिरवली. पाचवी नळी जमली. पण ती जमली कारण त्याने दिवाडीची हातात घेऊन, डोळ्याला लावून, आतून बघितली होती, दट्ट्या किती आखूड ते मोजलं होतं. नमुना हातात असल्याशिवाय मला नाही वाटत जमलं असतं. म्हणून पहिली तिथून घ्या, तासणाऱ्याच्या हातून घ्या, रस्त्यावर आधी जी दिसेल ती उचलू नका.

घेताना तिथेच एक बार उडवून बघायला मागा, कुणी नाही म्हणत नाही. आवाज कोरडा, टाळीसारखा आला पाहिजे, फुस्स आला तर दुसरी. तिरफळं वेगळी विकत घ्यायला लागली तरी जास्त घ्या, आमची तासाभरात संपली होती आणि मग पोरं रस्त्यावरची वेचत बसली.

माझ्याकडून पाचपैकी साडेचार. अर्धा कापला तो वर्षातले दहा महिने गोळ्या मिळत नाहीत म्हणून, फोटाश करणाऱ्याचा त्यात काही दोष नाही.

ह्या वर्षी आम्ही सहाजण जातोय, आईपण येतेय, तिला त्या बाईंना स्वतःच्या हातच्या पातोळ्या द्यायच्या आहेत, पातळ पिठाच्या. भाच्याने केलेली फोटाश अंकलना दाखवायची आहे, त्याने ती आत्तापासून ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवलीय. परवा माहेरी गेले होते तर परसातल्या झाडावर तिरफळं अजून मिऱ्याएवढीच आहेत. तो रोज शाळेतून आला की एक तोडतो, नळीत घालून बघतो, आणि ते टुळुक करून दुसऱ्या बाजूने खाली पडतं.